बिबट्याचा अलर्ट क्लाउडमध्येच अडकला तर? एआय कॅमेरे घेण्याआधी जुन्नर-आंबेगावने विचारायचे प्रश्न

२०२५ ची दिवाळी जुन्नर वन विभागातली गावं विसरणार नाहीत. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून हा वन विभाग होतो. त्यातल्या शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम तीन आठवड्यांत, बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला. त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, वन विभागाची गाडी जाळली गेली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास बंद राहिला. शेवटी त्या भागात फिरणाऱ्या बिबट्याला गोळ्या घालाव्या लागल्या. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात निघालेल्या माणसांचे फोटो तुमच्याही मोबाइलवर येऊन गेले असतील.

त्यानंतरच्या चर्चेत पिंजरे, नसबंदी, शेतीला दिवसा वीज या मागण्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे एआय कॅमेरा. कॅमेऱ्याने अंधारात बिबट्या ओळखायचा, सायरन वाजवायचा, गावातल्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. ऐकायला सोपं आहे आणि कल्पना चुकीचीही नाही. ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये वाघासाठी असा प्रयोग झालेला आहे.

आता त्याच दिवाळीतली दुसरी बातमी बघा. २० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातली ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली. एका डेटाबेसचा पत्ता सांगणारी नोंदच रिकामी झाली आणि त्यावर अवलंबून असलेल्या सेवा एकामागोमाग आडव्या पडल्या. सगळं पूर्ववत व्हायला जवळपास १५ तास गेले. स्नॅपचॅट बंद, बँकांची ॲप्स बंद, लोकांच्या दारावरचे रिंग कंपनीचे कॅमेरे बंद. इंटरनेटवर चालणाऱ्या महागड्या गाद्या तापलेल्या अवस्थेत अडकल्या म्हणून लोक रात्री उठून बसले. पुढच्या चार आठवड्यांत मायक्रोसॉफ्टचं ॲझूर आणि क्लाउडफ्लेअर यांनीही असाच एकेक दिवस दाखवला.

अमेरिकेतल्या माणसाची गादी तापली, तो सोफ्यावर जाऊन झोपला. पण दारावरच्या कॅमेऱ्याची जी गत झाली, ती उसाच्या फडाशेजारच्या कॅमेऱ्याची झाली तर?

क्लाउड म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेला, आपण भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. दोन एकरवाला शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर घेत नाही, नांगरटीपुरता भाड्याने बोलावतो. हिशोब तोच आहे. वापराल तेवढं भाडं, दुरुस्ती मालकाची. ॲमेझॉनची अशी डेटा सेंटर्स मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादमध्ये २०२२ पासून आहेत, म्हणजे आपला डेटा व्हर्जिनियाला जायलाच हवा असं नाही. त्या दिवशी मुंबईच्या सर्व्हरवर थेट घाव पडला नव्हता. पण काही जागतिक सेवांचा कारभार व्हर्जिनियातूनच चालतो, त्यामुळे ‘आमचा सर्व्हर मुंबईत आहे’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

भाड्याच्या ट्रॅक्टरची अडचण शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वापसा आला की सगळ्यांना एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर सुरू झालं १५ ऑगस्ट २०२१ ला. मुदत संपत आली की सगळे एकदम ॲप उघडतात, सर्व्हर दमतो, मग मुदतवाढ. मात्र त्या ॲपमध्ये एक शहाणपणाची सोय आहे. शेतात रेंज नसली तरी माहिती आणि फोटो मोबाइलमध्ये साठवायचे आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायचे. पीक पाहणी दोन दिवसांनी पोचली तरी पीक पळून जात नाही. बिबट्या मात्र थांबत नाही, आणि म्हणून दोन्हीसाठी एकच व्यवस्था चालत नाही.

९९.९ टक्के म्हणजे किती?

क्लाउड विकणारा माणूस ग्रामपंचायतीत आला की एक आकडा हमखास सांगतो: ९९.९ टक्के अपटाइम. परीक्षेत एवढे मार्क मिळाले तर पेढे वाटू. पण वर्षाचे तास ८,७६०. त्यातला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. ९९ टक्के म्हटलं तर वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९९ म्हटलं तर जेमतेम ५३ मिनिटं. पुढे वाढवलेला प्रत्येक नऊ पैसे खातो, कारण त्यासाठी तेच काम दोन-तीन वेगळ्या इमारतींत एकाच वेळी चालू ठेवावं लागतं.

आणि हा आकडा फक्त सर्व्हरचा आहे. बिबट्याचा अलर्ट सर्व्हरपर्यंत पोचतो कसा, ते बघू. आधी कॅमेरा चालू पाहिजे, म्हणजे सोलर पॅनलखालची बॅटरी चार्ज पाहिजे, आणि आषाढात सलग आठ दिवस ऊन नसतं. मग सिमकार्डला रेंज पाहिजे. टॉवर चालू पाहिजे. त्यानंतर सर्व्हर. शेवटी तुमचा मोबाइल चालू, डेटा चालू आणि तुम्ही जागे. अशा पाच कड्या धरल्या आणि प्रत्येक कडी ९९ टक्के वेळ नीट चालते असं मानलं, तरी पाचही एकाच वेळी चालू असण्याचा हिशोब ९५ टक्क्यांवर येतो. वर्षातले १८ दिवस साखळी कुठेतरी तुटलेली. हे दिवस वर्षभर सारखे पसरलेलेही नसतात. लाईट गेलेली रात्र, वादळ, मुसळधार पाऊस, अशाच वेळी ते गोळा होतात.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याला हे वेगळं सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. ती बातमी बाहेर पोचली ती सकाळी तिथे गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. तेव्हापासून टॉवर वाढलेत, मोबाइल घराघरांत आलेत, पण पावसाळ्याच्या ऐन मध्यात घोडेगावच्या पलीकडे रेंजवर जीव टांगण्याआधी दोनदा विचार करावा लागेल.

मग सेवा बंद पडली तर कंपनी भरपाई देईल ना? इथे करार वाचायला हवा. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरचंच उदाहरण घ्या. एकापेक्षा जास्त डेटा सेंटरमध्ये पसरवलेल्या सर्व्हरसाठी कंपनी ९९.९९ टक्क्यांचं वचन देते. ते मोडलं, पण महिन्याचा अपटाइम ९९ टक्क्यांच्या वर राहिला, तर बिलातले १० टक्के क्रेडिट म्हणून परत. ९९ च्या खाली गेला तर ३० टक्के, ९५ च्या खाली गेला तर पूर्ण. म्हणजे महिन्यात सात तास सेवा बंद राहिली आणि तुमचं बिल ४,००० रुपये असेल, तर ४०० रुपये पुढच्या बिलात वळते होणार, तेही तुम्ही पुराव्यानिशी मागितले तर. पैसे वाचवायला एकच सर्व्हर घेतला असेल तर वचनच ९९.५ टक्क्यांचं. त्या सात तासांत गोठ्यात काय झालं, याच्याशी कराराचा संबंध नाही. कंपनी लबाड आहे असा याचा अर्थ नाही, भाड्याच्या वस्तूचा करार असाच असतो. ट्रॅक्टर बंद पडला तर मालक भाडं सोडतो, बुडालेली पेरणी भरून देत नाही.

डेटाचा हिशोब कागदावर मांडा

ही सगळी यंत्रणा दोन पद्धतींनी उभी करता येते. पहिलीत कॅमेरा नुसता डोळा असतो, तो चित्रीकरण क्लाउडला पाठवत राहतो आणि ओळखायचं काम तिथला मोठा कॉम्प्युटर करतो. दुसरीत कॅमेऱ्याच्या डब्यातच छोटी चिप असते, ती जागच्या जागी ठरवते की समोर आलं ते कुत्रं, डुक्कर की बिबट्या.

पहिल्या पद्धतीत बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओ सतत पाठवायचा तर साधारण सेकंदाला २ मेगाबिट लागतात. दिवसाचे झाले २१ ते २२ जीबी, महिन्याचे साडेसहाशे जीबी, एका कॅमेऱ्याचे! आपल्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात आणि ते संपले की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. त्या स्पीडला २०० केबीचा एक फोटो जायला २५ सेकंद लागतात. तेवढ्यात बिबट्या बांध ओलांडून पलीकडच्या फडात शिरलेला असतो. गावात असे २० कॅमेरे लावले तर नुसत्या डेटाचं बिल काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसऱ्या पद्धतीत रात्रीतून ५० वेळा काही हललं आणि प्रत्येक वेळी एक फोटो गेला, तरी १० एमबीच्या आसपास. स्वस्तातलं रिचार्ज पुरतं. कान्हा-पेंच पट्ट्यात वापरलेला ‘ट्रेलगार्ड’ नावाचा कॅमेरा असाच चालतो. प्राणी ओळखण्याचं काम कॅमेऱ्यातच होतं, कामाचा फोटो तेवढा मोबाइल नेटवर्कवरून अर्ध्या-पाऊण मिनिटात अधिकाऱ्याच्या फोनवर येतो.

यात एक मेख आहे. डब्यातली चिप क्लाउडमधल्या कॉम्प्युटरएवढी हुशार नसते आणि कॅमेराही त्यामुळे महाग पडतो. समजा कॅमेऱ्यासमोरून रात्रीत १०० प्राणी जातात, बिबट्या आठवड्यातून एकदा, आणि यंत्र १०० पैकी पाच वेळा चुकतं. हे आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. तरी रात्रीला पाच खोटे सायरन झाले, आठवड्याला ३५, आणि खरा एक. तिसऱ्या रात्री कुणीतरी वायर उपटून टाकणार. म्हणून चुका कमी करण्यावर केलेला खर्च वाया जात नाही. संशयास्पद फोटो तेवढे क्लाउडकडे दुसऱ्या मतासाठी पाठवायचे आणि सायरन मात्र जागीच वाजवायचा, हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. नेट असेल तर चूक सुधारली जाते. नेट नसेल तर सायरन तरी वाजतो.

खोडदच्या जाळीकडे बघा

दर्जा आणि खर्च यांचा मेळ कसा घालायचा, याचं जगभर गाजलेलं उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे, आणि येता-जाता तुम्ही ते पाहिलेलं असतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभी राहिली.

एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव धातूच्या केल्या असत्या तर वजन आणि वाऱ्याचा दाब यांनी खर्च आवाक्याबाहेर गेला असता. पण या दुर्बिणीला ज्या रेडिओ लहरी पकडायच्या होत्या त्यांची लांबी सेंटिमीटरांपासून थेट मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरीला बारीक तारांची जाळीसुद्धा भरीव भिंतीसारखीच वाटते. म्हणून स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणली. त्यातही सगळीकडे सारखी जाळी नाही. मध्यभागी १० मिलिमीटरची, बाहेर जाता जाता १५ आणि २० मिलिमीटरची. बारीक विणीची महाग जाळी तिची गरज आहे तिथेच, बाकी ठिकाणी मोकळी. आणि या दुर्बिणीवर जगभरातले शास्त्रज्ञ काम करायला येतात. इथे तडजोड कामाचं नीट मोजमाप घेऊन केली होती.

आपला शेतकरीही हेच करतो. निर्यातीची द्राक्षं तोडली की लगेच प्री-कूलिंगला जातात. कांदा चाळीत राहतो. कांदा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवणाऱ्याला आणि द्राक्षं चाळीत पसरणाऱ्याला गाव वेड्यात काढेल. क्लाउड घेताना मात्र सरकारी टेंडरपासून छोट्या दुकानदारापर्यंत बरेच जण सगळा माल एकाच खोलीत भरतात.

क्लाउडमध्येही चाळ असते. ॲमेझॉनची ‘डीप आर्काइव्ह’ नावाची साठवण नेहमीच्या साठवणीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी भाड्यात मिळते. अट एवढीच की ठेवलेली फाइल परत हवी असेल तर १२ तास थांबायचं, आणि काढण्याचे पैसे वेगळे. बिबट्याच्या सहा महिन्यांपूर्वीच्या फोटोंसाठी १२ तास थांबायला काय हरकत आहे?

ते फोटो कशाला हवेत, असं वाटेल. जुन्नरमध्ये २००१ पासून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडायचा सपाटा लागला होता. पिंजरा, गाडी, डिझेल, एवढ्यात भागणारा उपाय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या भागातल्या नोंदींचा अभ्यास करून २०११ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की या स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. नोंदी नसत्या तर हे कळलंच नसतं. कुठल्या ओढ्याने बिबट्या येतो, कुठल्या महिन्यात, किती वाजता, हे सगळं क्लाउडमध्ये वर्षानुवर्षं साठलं तर सोन्याच्या मोलाचं आहे. क्लाउडचं खरं काम मला हे वाटतं. रात्री नऊ वाजता सायरन वाजवणं हे त्याचं काम नव्हे.

बिल कोण भरणार?

आता सगळ्यात अवघड भाग. कॅमेरा एकदाच विकत घ्यायचा असतो. फीत कापता येते, फोटो काढता येतो. क्लाउडचं भाडं दर महिन्याला येतं, त्याची फीत कुणी कापत नाही. गावोगावचे बंद पडलेले सीसीटीव्ही, पाण्याचे एटीएम आणि बॅटरी गेलेले सोलर दिवे तुम्ही पाहिलेच असतील. वस्तू निधीतून आली, पुढचा खर्च कुणाच्याच खात्यावर नव्हता. एआय कॅमेऱ्याचं सिम रिचार्ज संपलं म्हणून तो मुका झाला, तर खांबावर तो दिसत राहील आणि लोक मात्र त्याच्या भरवशावर बिनधास्त राहतील. कॅमेरा नसण्यापेक्षा हे वाईट.

त्यामुळे ग्रामसभेत कॅमेऱ्याचा विषय आला की तो किती मेगापिक्सेलचा, हे विचारण्यात वेळ घालवू नका. नेट बंद असताना सायरन वाजतो का, ते विचारा, आणि विक्रेत्याला तिथल्या तिथे सिम काढून दाखवायला सांगा. दुसऱ्या वर्षाचं सिमचं, क्लाउडचं आणि बॅटरीचं बिल कोणत्या खात्यातून जाणार, हे ठरावात लिहून घ्या. कॅमेरा बंद पडला तर ते कुणाला आणि किती वेळात कळणार? चांगल्या यंत्रणेत कॅमेरा ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ एवढाच बारीक संदेश पाठवतो. तो आला नाही की वनरक्षकाला फोन जातो. याला डेटा जवळजवळ लागतच नाही. कंपनी बदलायची झाली तर जुने फोटो आणि नोंदी गावाला मिळणार का, हेही आधीच बोलून घ्या. मोठ्या क्लाउड कंपन्या माल आत टाकायला सहसा पैसे घेत नाहीत, बाहेर काढायला घेतात.

आणखी एक तिढा जुन्नरचाच. जीएमआरटीमुळे या भागात रेडिओ लहरी सोडणाऱ्या कुठल्याही यंत्राबाबत काळजी घ्यावी लागते. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गसुद्धा याच कारणासाठी बदलावा लागला. वाडीवाडीवर बिनतारी डबे लावण्याआधी खोडदच्या शास्त्रज्ञांशी बोलणं बरं. हा खर्चाचा भाग नाही, पण नंतर डबे काढावे लागले तर खर्चच.

अलर्ट कुणाच्या फोनवर जाणार?

सेवेचा दर्जा मोजताना आपण यंत्र मोजतो, माणसं मोजायची राहतात. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की बीड, अहिल्यानगरकडून तोडणी कामगार येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. बिबट्याची मादी पिल्लं घालते ती याच उसात, आणि ऊस तुटत जातो तसा तिचा आडोसा कमी होत जातो. म्हणजे ऐन हंगामात बिबट्याच्या सगळ्यात जवळ राहणारी माणसं हीच, त्यांची लहान पोरं कोपीपाशी खेळत असतात, आणि पहाटे अंधारात तोडणी सुरू होते.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्यांचे नंबर नसतात. ॲप डाउनलोड करायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि अनेक कुटुंबांत मिळून एकच फोन असतो, तोही दिवसभर मुकादमाशी बोलण्यात उतरलेला. सर्व्हर ९९.९९ टक्के चालू राहिला तरी या कोपीसाठी अलर्टचा अपटाइम शून्य आहे. तिथे पोचतो तो फक्त खांबावरच्या भोंग्याचा आवाज, आणि भोंग्याची किंमत सगळ्या यंत्रणेत सगळ्यात कमी असते. टेंडरमध्ये कॅमेऱ्यांची संख्या लिहिलेली असते. भोंगे किती आणि ते कुठल्या फडाच्या कडेला बसणार, तो रकाना या हंगामाआधी भरून घ्यायला हवा.